दूरवर ठेवलेल्या उपकरणाला वर्षानुवर्षे पुरणारी बॅटरी कशी निवडायची

खांबाच्या टोकावर, जमिनीखालच्या मीटरच्या पेटीत किंवा जंगलातल्या झाडाला बांधलेले उपकरण बंद पडले की सेलपेक्षा तिथवर जाण्याचाच खर्च जास्त होतो. अशा वेळी ‘जास्त एमएएचची बॅटरी घ्या’ हा सल्ला फारसा कामाचा नाही. (एमएएच म्हणजे मिलिअँप-तास, सेलच्या क्षमतेचे माप; हजार एमएएच म्हणजे एक एएच.) सेलवर छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो कंपनीने निवडलेल्या परिस्थितीतला असतो: खोलीचे तापमान, अगदी संथ करंट आणि मध्ये कुठे रेडिओचा झटका नाही. तुमचे उपकरण इतके शहाण्यासारखे वागत नाही.

म्हणून सेल सर्वांत शेवटी निवडायचा. आधी उपकरण किती आणि कसे खाते ते पाहायचे, मग ते कुठल्या हवेत राहणार ते, आणि त्यानंतर रसायन आणि आकार.

हाताशी काय हवे

- मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी चिप), रेडिओ, सेन्सर आणि रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) या सगळ्यांच्या डेटाशीट, म्हणजे उत्पादकाची तांत्रिक माहितीपत्रके
- विचारात असलेल्या प्रत्येक सेलची मूळ उत्पादकाची डेटाशीट. करंटनुसार आणि तापमानानुसार क्षमता किती बदलते याचे आलेख तिच्यात असलेच पाहिजेत. नसतील तर तो सेल यादीतून काढा
- मायक्रोअँप रेंज असलेला मल्टिमीटर
- ऑसिलोस्कोप, सोबत १ ओहम आणि १० ओहमचे १ टक्का अचूकतेचे रेझिस्टर. नॉर्डिकच्या पॉवर प्रोफायलर किट २ सारखे करंट नोंदवणारे साधन मिळाले तर उत्तम
- ३३० ओहमचा एक रेझिस्टर (सेल तपासायला)
- घरचा फ्रीझर (हा विनोद नाही, चौथ्या पायरीत लागेल)

१. आधी खर्च मांडा

असे उपकरण बहुतेक वेळ झोपलेले असते आणि थेंब थेंब वीज पिते. मग जागे होते आणि काही क्षण घटाघटा पिते. दोन्ही वेगवेगळे मोजून त्यांची सरासरी काढायची.

एक आकडा पाठ करून ठेवा: वर्षाचे ८,७६० तास. सतत वाहणारा १ मायक्रोअँप करंट वर्षाला ८.७६ एमएएच खातो, दहा वर्षांत ८८ एमएएचच्या आसपास. कुठल्याही सततच्या करंटचा वार्षिक खर्च यावरून तोंडी निघतो.

दर १५ मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता मोजून लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवरून पाठवणारे एक उपकरण घेऊ. एका फेरीचा हिशेब असा:

- मोजमाप: ५ मिलिअँप × ०.४ सेकंद = २ मिलिअँप-सेकंद
- पाठवणे: ४० मिलिअँप × ०.४ सेकंद = १६ मिलिअँप-सेकंद
- उत्तरासाठी कान देणे: १० मिलिअँप × ०.२ सेकंद = २ मिलिअँप-सेकंद

एकूण २०. ही फेरी ९०० सेकंदांतून एकदा, म्हणून सरासरी २२ मायक्रोअँप. झोपेतले ४ मायक्रोअँप मिळवले की २६. वर्षाचा खर्च साधारण २३० एमएएच.

आता या हिशेबाकडे जरा निरखून पाहा. दोन तृतीयांश खर्च एकट्या पाठवण्याचा आहे. तीच माहिती दर अर्ध्या तासाने पाठवली तर सरासरी १५ मायक्रोअँपवर येते आणि वर्षाला १३२ एमएएच पुरतात. मोजमापे दर १५ मिनिटांनीच हवी असतील तर दोन नोंदी एका संदेशात बांधा. संदेशाच्या आरंभीच्या बांधणीचा खर्च एकदाच होतो. मोठा सेल शोधण्याआधी वेळापत्रक बदलून पाहणे केव्हाही स्वस्त.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे टेबलावरची चाचणी. गेटवे (संदेश झेलणारे केंद्र) शेजारच्या टेबलावर असताना सगळे छान चालते. प्रत्यक्ष जागी सिग्नल क्षीण असला की लोरा रेडिओ अधिक संथ वेगावर जातो, आणि वेग एक पायरी उतरला की हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट होतो. दोन पायऱ्या उतरल्या तर आपले ०.४ सेकंद १.६ सेकंद होतात आणि वर्षाचा खर्च २३० वरून ७०० एमएएचवर जातो. एकाच पेटीतून निघालेल्या वीस उपकरणांपैकी काठावरची दोन-तीन आधी मरतात ती यामुळे, आणि दोष मात्र सेलवर जातो. खर्च नेहमी सर्वांत वाईट जागेचा धरा. उत्तर आले नाही तर किती वेळा पुन्हा पाठवायचे यालाही फर्मवेअरमध्ये (उपकरणातल्या प्रोग्राममध्ये) मर्यादा घाला; नाहीतर गेटवे दोन दिवस बंद पडला की शेतभर, डोंगरभर पसरलेली सगळी उपकरणे ओरडून ओरडून रिकामी होतील.

२. झोपेतला करंट मोजा, गृहीत धरू नका

डेटाशीटवर मायक्रोकंट्रोलरचा झोपेतला करंट १ मायक्रोअँप दिलेला असतो आणि बोर्ड मात्र २०० खातो. पाणी बहुधा इथे मुरते:

- १११७ मालिकेतला जुना रेग्युलेटर. काही काम नसतानाही तो ५ मिलिअँपच्या आसपास घेतो, वर्षाला जवळजवळ ४४ एएच. पेन्सिल सेलच्या आकाराचे चांगले लिथियम सेल वापरले तर सतरा लागतील, तेही फक्त रेग्युलेटरला पोसायला. तयार डेव्हलपमेंट बोर्ड जसाच्या तसा बाहेर बसवू नये तो यासाठी. १ ते २ मायक्रोअँपवर भागवणारे रेग्युलेटर सहज मिळतात.
- ‘चालू आहे’ एवढेच सांगणारा एलईडी. १ मिलिअँप म्हटला तरी वर्षाला ८.७६ एएच. काढून टाका.
- पुल-अप रेझिस्टर (पिन एरवी वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा). दार बंद असताना मिटलेला राहणारा रीड स्विच (चुंबकाने चालणारा) आणि त्याला ३.३ व्होल्टवर १० किलोओहमचा पुल-अप असेल तर ३३० मायक्रोअँप अखंड वाहतात, वर्षाला २.९ एएच. रेझिस्टर १ मेगओहमचा करा किंवा दार बंद असताना उघडा राहणारा स्विच घ्या.
- बॅटरीचे व्होल्टेज मोजण्यासाठी लावलेले १००-१०० किलोओहमचे दोन रेझिस्टर. ३.६ व्होल्टला १८ मायक्रोअँप, वर्षाला १५८ एमएएच. बॅटरीवर नजर ठेवणाराच बॅटरी खातो. खालच्या बाजूला एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घालून फक्त मोजताना जोडा.
- अधांतरी सोडलेल्या पिना आणि बोर्डवर राहिलेला फ्लक्स (सोल्डर करताना लावायचा पदार्थ). फ्लक्स दमट हवेत करंट झिरपू देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन मगच कोटिंग करा. कोटिंगखाली कोंडलेला मळ पुढे काढता येत नाही.

मोजताना आणखी एक फसगत होते. मल्टिमीटरच्या मायक्रोअँप रेंजमध्ये आत १०० ओहमच्या आसपास रोध असतो. उपकरणाने ४० मिलिअँप मागितले की त्या रोधावरच ४ व्होल्ट पडायला हवेत, आणि तेवढे सेलकडे मुळात नाहीत. उपकरण रीसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा रीसेट होते, आणि मीटरवर भलतेच आकडे नाचतात. मीटरच्या दोन टोकांना एक साधा स्विच समांतर लावा: उपकरण सुरू होईपर्यंत तो मिटलेला ठेवा, झोपले की उघडा आणि वाचा. झटके पाहायला १० ओहमचा रेझिस्टर आणि ऑसिलोस्कोप पुरतो. दर मिलिअँपला १० मिलिव्होल्ट दिसतात. करंट ५० मिलिअँपच्या वर जात असेल तर १ ओहम घ्या.

मोजण्याआधी प्रोग्रामिंगची केबल काढा, आणि नुसती काढून थांबू नका. वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडा. बऱ्याच चिपमध्ये डीबगचा (चुका शोधण्याचा) विभाग एकदा जागा झाला की वीज तोडेपर्यंत झोपत नाही.

३. सर्वांत मोठा झटका शोधा

सरासरीवरून सेलचा आकार ठरतो, पण सेल चालेल की नाही ते झटका ठरवतो. प्रत्येक सेलच्या पोटात रोध असतो. झटका बसला की त्या रोधावर व्होल्टेज पडते आणि उरलेले उपकरणाला मिळते.

सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल घ्या. नव्या सेलचा अंतर्गत रोध १०-२० ओहमच्या घरात असतो. ब्लूटूथ रेडिओने १५ मिलिअँप ओढले तर १५ ओहमवर पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. सेल जुना झाला, रोध ६० ओहम झाला की तोच झटका ०.९ व्होल्ट खातो. आतले २.८ व्होल्ट रेडिओपर्यंत पोचताना १.९ होतात आणि चिप रीसेट होते. सेलमध्ये अजून बरीच क्षमता शिल्लक असते, फक्त ती बाहेर येऊ शकत नाही.

मोबाइल नेटवर्कवरची उपकरणे आणखी अवघड. टूजी मॉडेम प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपपर्यंत मागतो. अशा उपकरणांसाठीच्या एनबी-आयओटी नेटवर्कची भूक कमी, तरी शेकडो मिलिअँपची, आणि सिग्नल वाईट असेल तर ती सेकंदच्या सेकंद टिकते. हा आकडा डेटाशीटमधून उचलू नका. ऑसिलोस्कोपवर खरा झटका पाहा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: किती मिलिअँप, किती मिलिसेकंद, आणि त्या क्षणी व्होल्टेज कुठवर उतरले.

४. तापमानाची दोन टोके लिहा

हवामानाचे आकडे इथे पुरत नाहीत, पेटीच्या आतले तापमान लागते. उन्हातली गडद रंगाची बंद पेटी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि आत ६० अंशांच्या वर जाणे अजिबात अवघड नाही. उष्णतेने सेलची स्वतःची गळती (काही न जोडताही आतल्या आत संपणारी क्षमता) वाढते. ढोबळ हिशेब म्हणून दर १० अंशांना दुप्पट धरा. थंडीत उलटे घडते: गळती घटते, पण अंतर्गत रोध वाढतो आणि तिसऱ्या पायरीतला झटका जास्त लागतो.

घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा असतो. नमुना उपकरण सेलसकट घट्ट बंद पिशवीत घालून रात्रभर आत ठेवा आणि दार उघडण्याआधी त्याचे संदेश येत होते का ते पाहा. (धातूच्या फ्रीझरमधून रेडिओ नीट बाहेर येत नाही, म्हणून नोंदी उपकरणातही साठवा.) तापमानाचे टोक गाठायची ही सगळ्यात स्वस्त चाचणी, आणि नेमकी हीच बरेच जण गाळतात.

पेटी पांढरी, सावलीत आणि सेल तिच्या खालच्या भागात: एवढ्यानेही काही वर्षे पदरात पडतात.

५. आता रसायन निवडा

सेलच्या नावातच बरेच काही लिहिलेले असते. पहिले अक्षर रसायनाचे: एल म्हणजे अल्कलाइन, सी म्हणजे लिथियम मँगनीज डायऑक्साइड, ई म्हणजे लिथियम थायोनिल क्लोराइड, एफ म्हणजे लिथियम आयर्न डायसल्फाइड. आर म्हणजे गोल. पुढे मापे: सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. ईआर१४५०५ म्हणजे १४.५ मिलिमीटर व्यास आणि ५०.५ मिलिमीटर लांबी.

अल्कलाइन पेन्सिल सेल, एलआर६. १.५ व्होल्टने सुरुवात आणि हळूहळू उतार ०.९ पर्यंत. मंद करंटला २,००० ते २,८०० एमएएच, वर्षाला २-३ टक्के गळती. उणे १८ अंशांखाली भरवसा नाही. वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी तिथे जाणारच असेल तर बिनधास्त वापरा. पाच वर्षे विसरून जायचे असेल तर नको: संपत आलेला अल्कलाइन सेल पोटॅशियम हायड्रॉक्साइड गाळतो आणि मग नुसता सेल बदलून भागत नाही, बोर्डही खराब होतो.

लिथियम आयर्न डायसल्फाइड, एफआर६. तोच आकार, तेच १.५ व्होल्ट, पण ३,००० ते ३,५०० एमएएच, उणे ४० ते अधिक ६० अंश, झटके आरामात झेलतो आणि सहसा आतला द्रव गाळत नाही. अल्कलाइनसाठी बनवलेल्या उपकरणाला उचलून हाच घालता येतो. नवखा असाल आणि पहिलेच उपकरण असेल तर दोन एफआर६ एकापुढे एक लावण्यासारखी निर्धास्त निवड नाही. लक्ष फक्त एका गोष्टीकडे: कोऱ्या सेलचे भाराविना व्होल्टेज १.८ च्या जवळ असते, म्हणजे दोघांचे ३.६. अनेक मायक्रोकंट्रोलरची शिफारस केलेली कमाल नेमकी तेवढीच.

लिथियम मँगनीज डायऑक्साइड. ३ व्होल्ट, वर्षाला १ टक्क्याच्या आसपास गळती. कॉइन सेल आणि कॅमेऱ्यातला सीआर१२३ए दोन्ही याच घरातले, पण स्वभावाने वेगळे. सीआर१२३ए, १,५०० एमएएचच्या आसपास, शेकडो मिलिअँप सहज देतो. सीआर२०३२ चे २२० एमएएच मात्र ०.२ मिलिअँपसारख्या करंटला मोजलेले असतात. कॉइन सेल माणसांच्या वावराजवळ बसणार असेल तर झाकणाला स्क्रू हवाच. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

लिथियम थायोनिल क्लोराइड. पाणी आणि गॅसच्या मीटरमध्ये दहा-दहा वर्षे चालणारा तो हाच. ३.६ व्होल्ट, पेन्सिल आकारात २.४ ते २.६ एएच, सी या मधल्या आकारात ८ एएचच्या आसपास, डी या जाड आकारात १७ ते १९ एएच. उणे ५५ ते अधिक ८५ अंश. बॉबिन बांधणीत (मधे एकच जाड गाभा) गळती वर्षाला १ टक्का किंवा कमी. स्पायरल बांधणीचा (पातळ पट्ट्या गुंडाळलेला) सेल जास्त करंट देतो, पण क्षमता कमी आणि गळती जास्त. दीर्घ आयुष्यासाठी बॉबिनच. खोड एकच, पण मोठी. तिच्यासाठी पुढची पायरी राखून ठेवली आहे.

चार्ज होणारे सेल आणि सोलर पॅनेल. ऊन पडत असेल आणि उपकरण मिलिअँपमध्ये खात असेल तर हाच मार्ग. लिथियम आयन ० अंशांखाली चार्ज करायचा नसतो, आत धातूरूप लिथियम साचते. त्यामुळे थंड जागी तापमान पाहून चार्जिंग थांबवणारे सर्किट लागते. उन्हात तापणाऱ्या पेटीला लिथियम आयर्न फॉस्फेट अधिक सोसतो. मायक्रोअँपमधल्या उपकरणाला मात्र पॅनेल लावू नका. पॅनेल धुळीने माखते, केबल उंदीर कुरतडतात, आणि जो सेल दहा वर्षे पुरला असता त्याच्या जागी तीन नव्या भानगडी येतात.

आकाराच्या सारखेपणाने होणारा घोटाळा नीट लक्षात ठेवा: १.५ व्होल्टचा एलआर६, ३.६ व्होल्टचा ईआर१४५०५ आणि चार्ज होणारा ३.७ व्होल्टचा १४५०० हे तिघे एकाच खोबणीत बसतात. दोन पेन्सिल सेलच्या उपकरणात कोणी दोन ईआर१४५०५ घातले तर ३ व्होल्टच्या जागी ७.२ व्होल्ट जातात. खोबणीशेजारी बोर्डवर ठळक छापा.

६. थायोनिल क्लोराइडची साय

या सेलच्या आत लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा. वर्षाला एक टक्क्याची मामुली गळती याच थरामुळे. तो नसता तर सेल स्वतःलाच खात सुटला असता. पण सेल महिनोन्महिने पडून राहिला, विशेषतः उष्ण गोदामात, की साय जाड होते. मग पहिल्याच झटक्याला व्होल्टेज धाडकन कोसळते आणि साय फुटल्यावर सावकाश वर येते.

उपकरणात हे असे दिसते. सेल घातला, मल्टिमीटर ३.६ दाखवतो, सगळे ठीक. रेडिओ चालू होतो, व्होल्टेज २ च्या खाली जाते, चिप रीसेट. पुन्हा उठते, पुन्हा रेडिओ, पुन्हा रीसेट. लोक ‘सेल खराब निघाला’ म्हणून फेकून देतात.

कोऱ्या सेलची तपासणी अशी करा: ३३० ओहमचा रेझिस्टर टोकांना लावा, करंट ११ मिलिअँपच्या आसपास जाईल. मीटरकडे पाहत राहा. पेन्सिल आकाराचा चांगला सेल थोडा दबून काही सेकंदांत ३.३ च्या वर स्थिरावतो. साय जाड असेल तर २.५ पर्यंत उतरतो आणि काही मिनिटे घेतो. पाच मिनिटांच्या या व्यायामाला एक एमएएचसुद्धा लागत नाही. वर येतच नसेल तर तो सेल बाजूला ठेवा. मोठ्या सेलला किती करंट आणि किती वेळ ते त्याच्या डेटाशीटप्रमाणे.

भाराविना दिसणारे ३.६ व्होल्ट काहीच सांगत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

बसवल्यानंतरही उपकरण फक्त २-३ मायक्रोअँप खात असेल आणि महिन्यातून एकदाच पाठवत असेल तर साय पुन्हा धरते. दिवसातून एक-दोनदा छोटा भार देण्याची सोय फर्मवेअरमध्ये ठेवा. सुरू होताना आधी व्होल्टेज मोजायचे, कमी असेल तर रेडिओ न लावता काही मिलिअँपचा भार देऊन थांबायचे आणि मग पुढे जायचे, एवढे चार ओळींचे शहाणपण त्या रीसेटच्या फेऱ्यातून सोडवते.

आणखी एक बारकावा: कोऱ्या ईआर१४५०५ चे व्होल्टेज ३.६७ च्या आसपास असते. ३.६ कमाल असलेली चिप थेट जोडण्याआधी तिच्या डेटाशीटमधली ती ओळ वाचा.

७. झटका कपॅसिटरवर टाका

सेल संथ, रेडिओ उतावळा. मधे कपॅसिटर ठेवला की तो झटका देतो आणि सेल त्याला सावकाश भरतो. माप साधे: करंट गुणिले वेळ, भागिले जेवढी व्होल्टेजची घट चालेल तेवढी.

ब्लूटूथचा १० मिलिअँपचा ३ मिलिसेकंदांचा झटका आणि ०.२ व्होल्टची घट: १५० मायक्रोफॅरड. सिरॅमिक कपॅसिटर लागलेल्या व्होल्टेजला आपली क्षमता गमावतात, म्हणून हिशेबात आलेल्या आकड्याच्या दुप्पट छापील क्षमतेचा घ्या. लोराचा ४० मिलिअँप, ०.४ सेकंद, ०.३ व्होल्ट घट: ५३,००० मायक्रोफॅरड. इथे साधे कपॅसिटर संपतात. सुपरकपॅसिटर किंवा थायोनिल सेलसोबत विकला जाणारा हायब्रिड लेयर कपॅसिटर लागतो. (सेल ताजा आणि बॉबिन पेन्सिल आकाराचा असेल तर ४० मिलिअँप तो स्वतःही देतो, कपॅसिटर थंडी आणि म्हातारपणासाठी.)

आणि आता सापळा. कपॅसिटरही गळतो. ६.३ व्होल्टच्या १,००० मायक्रोफॅरड अॅल्युमिनियम कपॅसिटरची डेटाशीटमधली गळतीची मर्यादा ६३ मायक्रोअँपपर्यंत असू शकते. प्रत्यक्षात सहसा बरीच कमी येते, पण २६ मायक्रोअँपच्या उपकरणात असा जुगार कशाला? सुपरकपॅसिटर पहिले काही तास जास्त गळतो, मग काही दिवसांनी थोड्या मायक्रोअँपवर येतो. म्हणून त्याची गळती दोन-तीन दिवस भरलेला ठेवून मोजा. शिवाय एक सुपरकपॅसिटर बहुधा २.७ व्होल्टचा असतो. ३.६ ला दोन लागतात, दोघांत तोल राखणारे रेझिस्टर लागतात, आणि तेही खातात.

८. क्षमता ठरवा, गळतीसकट

पहिल्या पायरीतले उपकरण: वर्षाला २३० एमएएच. सेल ईआर१४५०५, २.६ एएच. त्याची १ टक्का गळती म्हणजे वर्षाला २६ एमएएच, जणू ३ मायक्रोअँपचे आणखी एक उपकरण सोबत जोडले आहे. एकूण २५६. भागाकार केला तर दहा वर्षे, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात.

छापील क्षमतेतला तीन चतुर्थांशच तुमचा, असे धरून चाला. उरलेला थंडी, झटके, सेलासेलांतला फरक आणि तळाशी न वापरता येणारा भाग यात जातो. मग १.९५ एएच उरतात आणि आयुष्य साडेसात वर्षे. दर अर्ध्या तासाने पाठवले तर १३२ अधिक २६, म्हणजे बारा वर्षे, त्याच सेलवर.

मग सरळ १९ एएचचा डी सेल का घेऊ नये? कारण त्याची १ टक्का गळती वर्षाला १९० एमएएच होते, उपकरणाच्या भुकेच्या जवळपास. सेल सातपट मोठा झाला म्हणून आयुष्य सातपट होत नाही, आणि तापलेल्या पेटीत तर गळतीच पुढे निघून जाते. उपकरण जितके काटकसरी तितका लहान सेल त्याला शोभतो.

९. बसवताना

सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेने आतले सील जाते आणि थायोनिल सेल फुटूही शकतो. कारखान्यात वेल्ड केलेल्या पट्ट्यांसह येणारे सेल मागवा. कंप असलेल्या जागी स्प्रिंगची खोबण नकोच, क्षणभर सुटलेला संपर्कही रीसेट घडवतो.

जुना आणि नवा सेल कधीही एकत्र लावू नका. एकापुढे एक लावलेल्यांत दुबळा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा ढकलत राहतो. लिथियममध्ये हे धोक्याचे आहे. समांतर लावायचे असतील तर प्रत्येकाला डायोड.

एकदाच वापरायचे सेल चार्ज होता कामा नयेत. सेल जागेवर असताना यूएसबी केबल लावून प्रोग्राम टाकला आणि मधे अडवणारे काही नसेल तर करंट सेलमध्ये शिरतो. डायोड किंवा मॉसफेट सुरुवातीच्या आराखड्यातच घाला.

१०. संपत आलाय हे कसे कळेल

अल्कलाइन उतारावरच असतो, त्यामुळे व्होल्टेजवरून अंदाज येतो. थायोनिल क्लोराइडचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते आणि मग कड्यावरून पडावे तसे पडते. त्याच्यासाठी फर्मवेअरमध्ये हिशेब ठेवा: किती वेळा पाठवले, किती सेकंद रेडिओ चालला, किती दिवस झोपला. गुणाकार करून खर्च झालेले एमएएच प्रत्येक संदेशात पाठवा.

सोबत रेडिओ चालू असतानाचे सर्वांत कमी व्होल्टेजही पाठवा. झोपेतले व्होल्टेज ३.६ वरच असते. झटक्यातले मात्र महिन्यागणिक ३.४, ३.३, ३.१ असे उतरू लागले की सेल बदलायला निघायची वेळ झाली. थंड रात्रीच्या एका नोंदीवर घाबरू नका, त्याच तापमानाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहा.

११. खरेदी, साठवण, पाठवणी

नकली सेल आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेले अस्सल सेल, दोन्ही बाजारात आहेत. अधिकृत वितरकाकडून घ्या, उत्पादनाचा तारीख-कोड तपासा, आणि प्रत्येक खेपेतून चार-पाच सेल ३३० ओहमच्या चाचणीला लावा. थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

लिथियम सेल कुरिअरने पाठवणार असाल तर विक्रेत्याकडून यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षेच्या चाचणीचा सारांश आधीच मागून घ्या. सुटे लिथियम धातूचे सेल यूएन३०९० या क्रमांकाखाली जातात आणि प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत. उपकरणात बसवलेले यूएन३०९१ खाली. एका सेलमध्ये १ ग्रॅमपर्यंत लिथियम असेल तर नियम सैल आहेत. पेन्सिल आकार त्यात बसतो, डी आकार बसत नाही, आणि हे पॅकिंगच्या दिवशी कळले तर सगळे वेळापत्रक कोलमडते.

काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. थायोनिल सेल फोडू किंवा जाळू नका. आतला द्रव ओलाव्याला लागला की सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतात.

नवा सेल बसवताना तारीख, सेलचा प्रकार आणि खेपेचा कोड झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने लिहा, आणि फर्मवेअरमधला खर्चाचा आकडा शून्यावर आणा. तो शून्यावर आणायचा विसरला की कोरा सेल पहिल्याच संदेशात ‘संपला’ म्हणून कळवतो.